शिनोरबाईंचे हुकूम, आणि आईचा एक

मालवणच्या किनाऱ्यावर त्या दिवशी अर्धा गाव जमला होता. गणपती उरकून मुंबईला परतणारे गिरणीवाले होते, त्यांना पोचवायला आलेली घरची माणसं होती, आणि वाळूत जिकडेतिकडे सोलांची, कुळथाची, सुक्या बांगड्यांची गाठोडी पडली होती. आगबोट लांब खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत पडावातून जायचं, आणि पडावात चढायला गुडघाभर पाण्यात उतरायचं. मी लुगडं वर खोचून उभी होते. हातात एक बोचकं होतं, त्यात दुसरं लुगडं, शहाळ्याएवढा गुळाचा गोळा आणि आईनं बांधून दिलेले पोहे.

सगळीकडून एकच शब्द ऐकू येत होता. जाणारा म्हणायचा, "येतंय हां," आणि राहणारा म्हणायचा, "ये." आपल्यात निघताना कुणी "जाते" म्हणत नाही आणि निघालेल्याला कुणी "जा" म्हणत नाही, हे शालू, तुला मी काय सांगायचं. दारावर मासे विकायला आलेली बाई पाटी उचलून निघाली तरी आपण तिला "ये गो" म्हणतो. मी आईच्या पाया पडले आणि म्हणाले, "आये, येतंय मी."

आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत ती चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जा."

पडावात बसल्यावर मी मागं वळून पाहिलं नाही. आगबोटीवर बाकीच्या बायका उलट्या होऊन पडल्या होत्या, मला समुद्र लागला नाही. माझ्या पोटात तो एक शब्द बसला होता आणि त्यापुढे दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

तू नैरोबीहून पत्र लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. लिहितेस की तिथली भाषा शिकताना पहिल्यांदा तोंडात बसले ते सगळे हुकूमच: आण, ठेव, धू, थांब. तुला त्याची गंमत वाटली. मला वाटली नाही, कारण माझंही तसंच झालं होतं. फरक एवढाच की तू हुकूम करणारी आहेस आणि मी ऐकणारी होते. पत्राच्या शेवटी तू आणखी एक विचारलंस. त्याचं उत्तर सरळ एका ओळीत देता येण्यासारखं नाही, म्हणून आधी हे सगळं लिहिते. मालवणला दादाच्या घरीही याची नक्कल धाडणार आहे. त्यांनाही हे कधी कुणी नीट सांगितलेलं नाही.

मी टाकलेली बाई होते. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा नवऱ्यानं दुसरी केली, आणि मी माहेरी आले. ती नांदायला लागल्यावर सासरच्यांना माझी आठवण झाली. दुसरीला कामाचा उरक नव्हता, आणि ढोरामागे, चुलीमागे फुकटचं माणूस हवं होतं. भावकीतली वडीलधारी येऊन ओटीवर बसायची आणि म्हणायची, बाईमाणूस आपल्या घरी बरं. तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, सगळेच त्याला दादा म्हणतात, तेव्हा पोरसवदा होता, त्याचं कोण ऐकणार. शेवटी आईनं गिरगावात राहणाऱ्या तिच्या मावसबहिणीला निरोप धाडला आणि मला बोटीवर बसवलं. लोकांना वाटलं, पोटासाठी गेली. खरं तर मला लपवायचं होतं.

त्या मावशीची खोली ठाकूरद्वारच्या एका वाडीत होती. तिचे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. भाऊच्या धक्क्यावर ते मला न्यायला आले, आणि घोड्यांच्या ट्रामखाली मी सापडू नये म्हणून साऱ्या वाटेवर माझ्या बोचक्याची गाठ धरून चालले. मुंबई मला आवडली नाही. सगळं सारखं हलत होतं, आणि कुणीही कुणाला "खंय चाललंस" म्हणून विचारत नव्हतं. नंतर कळलं की याच गोष्टीसाठी आईनं मला इथं धाडलं होतं.

मावशीच्या शेजारणीनं मला शिवणाच्या कामावर लावलं. पलीकडच्या गल्लीत ख्रिस्ती लोकांची लाकडी कठड्यांची, कौलारू घरं होती. इथलेच जुने लोक ते, घरात आपल्यासारखीच मराठी बोलणारे. त्यांतल्या एका घरातला मुलगा बोटीवर इंजिनखात्यात होता आणि दूर मनिलाहून बायको करून आला होता. तो वारला आणि ती मागं राहिली. तिची भाषा स्पॅनिश. नाव इसाबेल होतं, पण कामाच्या बायका तिला शिनोरबाई म्हणत, कारण तिच्या भाषेत बाईला सेन्योरा म्हणतात आणि आपल्या तोंडात ते इतकंच मावलं. पाद्र्यांचे झगे, वेदीवरची वस्त्रं, लग्नाचे पांढरे पायघोळ पोशाख ती शिवून द्यायची. तिचं भरतकाम बघायला फोर्टातून मडमा येत. मराठी तिला बाजारापुरतं येई, आणि तेही आकडे आणि "महाग".

पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात कापड दिलं, कात्री दिली, खडूची रेघ दाखवली आणि म्हणाली, "कोर्ता." मी कापलं. मग सुई दिली आणि म्हणाली, "कोसे." मी शिवलं. टीप वाकडी झाली तेव्हा बोटानं दाखवून म्हणाली, "मीरा," म्हणजे बघ. संध्याकाळपर्यंत मला तिच्या भाषेतले बरेच शब्द आले आणि ते सगळे हुकूम होते. झाड, पूस, उघड, घडी घाल, थांब. बार्रे, लिंपिया, आब्रे, दोब्ला, एस्पेरा. सासरीही मी हेच ऐकत आले होते, म्हणून घरी येऊन मावशीला म्हटलं की भाषा बदलली, बाकी काही बदललं नाही.

हे बोलले ते चुकलं, असं मला हळूहळू कळलं. सासरच्या हुकमांना शेवट नसे. इथं "कोसे" च्या मागून थोड्या वेळानं "देस्कान्सा" यायचं, आणि त्याचा अर्थ होता विसावा घे. ती स्वतः उठून आमच्या हातांतलं कापड काढून घ्यायची. मला आयुष्यात तोवर कुणी बस म्हणून हुकूम केला नव्हता.

एक शब्द मात्र मी बरेच दिवस पाळला नाही. ती प्याला पुढे करायची आणि म्हणायची, "बेबे," पी. मावशीनं बजावलं होतं की काम कर, पण त्यांच्या घरचं पाणी तोंडाला लावू नकोस. मी मान हलवायची, आणि उन्हाळ्यात घसा कोरडा पडला तरी तशीच शिवत बसायची. तिनं कुणालातरी विचारलं असावं. एक दिवस खिडकीत पितळेचा नवा लोटा दिसला. आपल्यातल्याच एका शेजारणीकडून वाडीतल्या विहिरीचं पाणी भरून आणवलं होतं, आणि त्या लोट्याला ती स्वतः बोट लावत नव्हती. लांबूनच दाखवून म्हणाली, "बेबे." मी प्याले. मला रडू आलं, आणि तिनं न बघितल्यासारखं केलं.

तुला मास्तरीणबाई म्हणून रस वाटेल, म्हणून ही भाषा मी कशी उलगडली ते लिहिते. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. शिवणाऱ्या बाईच्या डोक्यानं मी ती समजून घेतली. माझ्या लक्षात आलं की तिच्या शब्दाचं अंग एकच असतं आणि काठ बदलतो. काहींचा काठ "आ": कोर्ता, मीरा, एस्पेरा. काहींचा "ए": कोसे, बेबे, आब्रे, आणि कोमे, म्हणजे खा. हे आमच्यासाठी, घरच्या माणसासाठी, तू म्हणून. पण पाद्री आले की त्यांना ती "एस्पेरे" म्हणायची, "मीरे" म्हणायची, आणि दार उघडायला सांगायचं तर "आब्रा". म्हणजे मान द्यायचा तर काठांची अदलाबदल करायची, "आ" असेल तिथं "ए" लावायचा आणि "ए" असेल तिथं "आ". आपण काप चं कापा करतो, शिव चं शिवा करतो, तसंच, फक्त त्यांचं जरा उलटसुलट. आणि आम्हा सगळ्याजणींना मिळून सांगायचं तर शेवटी "द" यायचा: कोर्ताद, कोसेद, सुबीद. तिला स्वतःकडे बघायला सांगायचं असेल तर ते "मला" सुद्धा शब्दाच्या शेपटीलाच टाचलेलं असे, मीरामे. मावशीच्या मांजरीवर मी या सगळ्याचा सराव केला. मांजर एकही हुकूम पाळत नसे, पण शब्द पक्के झाले.

एकदा फजितीही झाली. जिन्याखाली पाद्री उभे होते आणि बाई आत होत्या. मी मोठ्या झोकात त्यांना म्हणाले, "सूबे," म्हणजे चढ रे वर. वरून बाई घाईनं ओरडल्या, "सूबा, सूबा." पाद्री हसत हसत चढले. दिवसभर मी मान वर केली नाही.

माझी मोठी अडचण अशी होती की मला हुकूम सोडून काहीच येत नव्हतं. काल असं झालं, मला अमकं आठवतं, हे त्या भाषेत मला म्हणता येईना. आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना फक्त कर, घे, खा, बघ असंच म्हणत राहिलो. तरी मला तिच्याबद्दल जे कळलं ते कुणाबद्दलच कळलं नाही.

दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी ती काम बंद ठेवायची आणि तिच्या आईच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची. एका वर्षी मी तिथंच होते. ती तसबिरीकडे बघत म्हणाली, "रेग्रेसा." मग माझ्याकडे वळून समुद्राच्या बाजूला हात केला, परत आपल्या छातीवर आणला, आणि तिच्या त्या बाजारी मराठीत म्हणाली, "मम्मा बोलली, ये परत. मी नाही केला." एवढंच. मनिलाच्या बंदरावर तिच्या आईनं केलेला तो हुकूम तिनं आयुष्यभर मोडला होता. आधी नवऱ्याची नोकरी, मग त्याचं आजारपण, मग एकटीनं कसं जायचं, आणि तोवर आई गेली. मला तिची दया आली आणि खरं सांगते, हेवाही वाटला. तिला निदान ये म्हणणारी आई होती.

मग तापाचं साल आलं. गाठीचा ताप म्हणत. वाडीत आधी उंदीर पडले, मग माणसं. गोरे शिपाई घरांत शिरून आजारी शोधायचे, भिंतींना चुना फासायचे, आणि ज्याला नेला तो दवाखान्यातून परत येईल याची खात्री नसे. परळ-लालबागचे गिरणीवाले बायकापोरांना घेऊन धक्क्याकडे लोटले. ठाकूरद्वारला भर सकाळी रस्ता ओस पडायचा. मावशीच्या यजमानांचा छापखाना बंद झाला आणि त्यांनीही खोलीला कुलूप लावून गावी जायचं ठरवलं. मावशी म्हणाली, तुका हय एकटी ठेवन मी जावक शकत नाय.

पण मी जायचं कुठं? ते ठरवायला माझे थोरले दीर पत्ता काढत आले. ते परळच्या गिरणीत होते, आणि तेही गावी निघाले होते. मावशीच्या दारात उभे राहून त्यांनी सांगितलं की त्यांची धाकटी भावजय, म्हणजे माझी सवत, बाळंतपणात गेली, घरात दोन लहान पोरं आहेत. मी पदर ओढून आत उभी होते. थोरल्या दिरासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मग ते म्हणाले, "तुझ्या आवशीनच सांगून धाडल्यान हा. म्हणाली, सरूक म्हणा, ये."

शालू, मी तुला काय सांगू. पोरांचं ऐकून जीव कळवळला होताच, पण मी त्यांच्यासाठी हलले नाही. त्या एका शब्दासाठी हलले. इतकी वर्षं मी मनात आईशी भांडत होते, आणि आता तिनं तो शब्द धाडला होता. मी पुढचं काही विचारलं नाही. तेच बोचकं काढलं, त्यात लुगडी भरली आणि शिनोरबाईंचा निरोप घ्यायला गेले. दीर वाटेत बरोबर होते. धक्क्यावर परस्पर तिथूनच जायचं होतं.

बाईंना मी कसंबसं समजावलं. समुद्राकडे हात केला आणि म्हणाले, "मम्मा. रेग्रेसा." तिच्या हातातलं कापड खाली पडलं. मला वाटलं, ती मला थांबवील. मनातून मला ते हवंही होतं. पण ती तर घाईलाच आली. माझ्या बोचक्याची गाठ सोडून तिनं लुगड्यांची पुन्हा नीट घडी केली, त्यात आपली चांदीची अंगुस्तान, शिवणाऱ्या बोटाची टोपी, टाकली, जी बोटात घालून तिनं ते सगळे झगे शिवले होते. तिच्या आईच्या हुकमाची भरपाई माझ्याकडून होणार होती, असं तिला वाटलं असावं. मग ती स्वतः जिना उतरून खाली गेली आणि माझ्या दिरांना, गिरणीतल्या त्या माणसाला, पाद्र्यांना म्हणायची त्या मानानं म्हणाली, "सूबा." वर या. त्यांना खुर्ची दिली. ते बिचारे अवघडून काठावर टेकले.

तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. एक आई आपल्या मुलीला परत बोलावते हे तिला कुणाच्या तरी तोंडून नीट, सावकाश ऐकायचं होतं. माझ्या हाताला धरून म्हणाली, "प्रेगुंताले." विचार त्याला. आई कशी दिसत होती, काय म्हणाली, रडत होती का. मी पदर आणखी पुढं ओढला. थोरल्या दिराला कसं विचारू? तेव्हा तिनं मला जो हुकूम केला तो मला जन्मात कुणी केला नव्हता. ऊठ, वाढ, झाड, गप्प बस, सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आब्ला." बोल.

मी पदराआडून विचारलं, आई कुठं भेटली. ते म्हणाले, भेटली नाही, निरोप आला. कुणाबरोबर? गाववाल्याबरोबर. मी बाईंकडे वळले, त्यांना हे कोणत्या हुकमात सांगावं ते शोधत होते, आणि शोधता शोधताच माझ्या तोंडून निघालं, "दादा का नाय इलो?"

तू आता नैरोबीत आहेस, पण हे तुला कळेल. आपल्यात आई लेकीला बोलावते तेव्हा तिला न्यायला मुराळी धाडते, आणि मुराळी माहेरचा असतो. भाऊ नसला तर चुलता, तोही नसला तर भावकीतला एखादा. सासरचा माणूस माहेरचं बोलावणं घेऊन आला, असं कधी कुणी ऐकलेलं नाही. माझ्या आईनं परसातल्या माडाची शपथ घेऊन दिराला मुराळी केला असता तरी मी मानलं नसतं. एवढी साधी गोष्ट, आणि ये हा शब्द ऐकल्याबरोबर मी ती विसरले होते.

दीर उठून उभे राहिले. म्हणाले, उगाच वेळ काढू नको, बोट सुटेल. आणि मग नुसतं, "चल."

त्या चल मधला आवाज ऐकला आणि मला किनारा आठवला. ते गणपतीला गावी आलेले होते. ते त्या दिवशी वाळूतच उभे होते, माझ्या खांद्यामागे. आई माझ्याकडे बघत नव्हती, ती त्यांच्याकडे बघत होती. चार माणसांत तिनं मला ये म्हटलं असतं, तर सासरच्यांना धरायला दोर मिळाला असता: पोरगी परत येणार आहे, आली की नेऊ. तिनं त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं की या घरातून ती गेली, इथं शोधायला येऊ नका. असं करायला तिला आपल्याच पोरीला, सगळ्या गावासमोर, मेलेल्या माणसासारखी वाटेला लावावी लागली.

मी पदर मागं सारला. म्हणाले, "जावा तुम्ही. मी येणार नाय."

निघालेल्या माणसाला मी या म्हटलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग जिना उतरले. ते वाईट होते असं मी आजही म्हणत नाही. आई नसलेली पोरं त्यांच्या भावाच्या पदरात होती आणि मुंबई रिकामी होत होती. त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. ती पोरं मोठी झाली, त्यांतला एक नंतर मला भेटूनही गेला. मी त्याला जेवू घातलं आणि निघताना ये म्हटलं.

त्या संध्याकाळी मावशीची बोट सुटली. मी शिनोरबाईंच्याच घरी राहिले, त्यांच्याच घरचं पाणी प्याले, आणि गावात माझ्या नावानं जे बोलायचं ते बोललं गेलं. पण बाई माझ्याशी बोलेना. तिच्या लेखी मी आईचा हुकूम मोडला होता, आणि तिच्यापेक्षा वाईट, कारण मला तर जाता येत होतं. कापड पुढे टाकायची, पण कोसे म्हणायची नाही. जेवण ठेवायची, कोमे म्हणायची नाही. बाहेर माणसं मरत होती, आणि मला दुःख कसलं, तर मला कुणी हुकूम करत नाही याचं.

शेवटी एके दुपारी मी तिचा हात धरून तिला खिडकीशी नेलं. माझ्याकडे शब्द नव्हते. मी मधेमधे तिचे, मधेमधे आपले असे जोडत सांगितलं की तो माणूस खोटं बोलला. माझी मम्मा रेग्रेसा बोलली नाही. माझी मम्मा बोलली, जा. आणि जा चा अर्थ तिला कळावा म्हणून मी दोन्ही हातांनी स्वतःलाच दारातून बाहेर ढकलून दाखवलं, आणि मग आईचं तोंड करून दाखवलं, खांद्यावरून पलीकडे बघणारं. तिथपर्यंत येऊन मला पुढचं करता आलं नाही. मी भिंतीला टेकून रडले. इतक्या वर्षांत आईसाठी मी पहिल्यांदा रडत होते. त्याआधी जे रडले ते स्वतःसाठी.

मग तिनं तसबिरीपुढची मेणबत्ती उचलली, नवी लावली, आणि शेजारी दुसरी लावली, माझ्या आईची. मग डोळे पुसून माझ्यासमोर कापड ठेवलं आणि म्हणाली, "कोसे."

ताप ओसरायला फार दिवस लागले. आमच्या घराला तो शिवला नाही, कसा ते देव जाणे. पुढच्या वर्षी बोटी नीट सुरू झाल्यावर एक दिवस दादा जिन्याखाली येऊन उभा राहिला. त्याचं डोकं पाहिलं आणि मला विचारावं लागलं नाही. केस नुकते फुटत होते. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. मी विचारलं, मला का नाही बोलावलंस, शेवटचं तोंड तरी दिसलं असतं. दादा म्हणाला, मी निघतच होतो मुराळी म्हणून, तिनंच अडवलं. तिचे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले: "ती आपणहून येतली तर येवंदे. पण तू बोलवूक जाव नको. माझ्या तोंडातसून ये इला तर ती धावत येतली, नि हे लोक तिका सोडूचे नाय."

म्हणजे तिच्या तोंडात तो शब्द होता. तिनं तो शेवटपर्यंत दाताखाली धरून ठेवला.

शिनोरबाई पुढं म्हाताऱ्या झाल्या, डोळे गेले. शेवटी शेवटी हुकूम मीच करायचे. कोमे, बेबे, देस्कान्सा. मान देऊन म्हणावं तर त्यांना आवडायचं नाही. कोमा म्हटलं की चमचा बाजूला सारायच्या, कोमे म्हटलं की तोंड उघडायच्या. त्यांची मशीन, त्यांची खोली, पलीकडच्या गल्लीतली गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. वाडीतल्या शाळेच्या मास्तरीणबाईंना मी पोलकी शिवून दिली आणि त्यांनी मला अक्षरं शिकवली, म्हणून आज हे लिहिता येतं. ती अंगुस्तान आजही माझ्या बोटात आहे. लिहिताना काढावी लागते, पेन धरता येत नाही.

आता तुझ्या पत्राच्या शेवटचं ते विचारणं. तू लिहिलंस, "आत्या, बंदरावर सगळे ये म्हणत होते, आणि तू एकटीच मला जा का म्हणालीस? मी ते सबंध समुद्रभर मनात घोळवलं."

ते मला ठाऊक होतं बाळ. मीही घोळवलं होतं. पण बंदरावर तू रडत होतीस. दादा रडत होता, भावजय तर तुझा हात सोडत नव्हती, आणि मी बघितलं की कुणी आणखी एक ये म्हटलं असतं तर तू शिडी चढली नसतीस. शाळेची नोकरी, स्वतःचा पगार, स्वतःची खोली, सगळं तिथंच टाकून तू परत फिरली असतीस. आणि चढली असतीस तरी शिनोरबाईंसारखी मोडलेल्या हुकमाचं ओझं घेऊन जगली असतीस. म्हणून मी आईसारखंच केलं. तुझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, कारण तुझ्याकडे बघून ते म्हणता येत नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

मला लोक विचारतात, तुमचं घर कुठलं. मालवण म्हणावं तर तिथं माझ्या नावाची एक चूलही नाही. गिरगाव म्हणावं तर इथल्या कित्येक खोल्या मी रिकाम्या होताना पाहिल्या. माझ्यापुरतं उत्तर असं आहे की आई जिथं उभी होती ते घर, आणि बाई जिथून हुकूम करायच्या तेही घर. तुझ्यापुरतं घर म्हणजे हा जिना, ही मशीन, आणि खिडकीतला तो पितळेचा लोटा, जो मी अजून घासून ठेवते.

तिथली भाषा नीट शिक. हुकूम आलेत, आता काठ बदलायला शिक, आणि ज्यांच्याकडून काम करून घेतेस त्यांना मानानं सांग. विसावा घे हेही सांगायला शिक.

आणि आता तू तिथं रुजलीस, तुला कुणी ओढून आणू शकत नाही, म्हणून माझ्या आईला जे म्हणता आलं नाही ते मी म्हणून ठेवते. शालू, ये. जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, हा हुकूम मोडलास तरी मी रागावणार नाही. पण मी म्हटलेलं असू दे.

ये.